अर्धशिशी आणि उघडे पडदे

दवाखान्यातल्या मदतनीस बाईंचा फोन आला तेव्हा मी न्हाणीघराच्या फरशीवर आडवी झाले होते. दिवा बंद, दार बंद, डोळ्यांवर ओला पंचा आणि हाताशी बादली. वर्षातून एकदा त्या सगळ्या जुन्या पेशंटना असा फोन करतात.

"फेनाबाई, तुमच्या अर्धशिशीच्या गोळीबद्दल विचारायचं होतं. समाधानी आहात ना?"

"हो हो, समाधानी आहे," मी म्हणाले. आवाज जमेल तितका सरळ ठेवला. त्यांनी आभार मानले, मी आभार मानले, फोन ठेवला आणि बादलीत ओकले.

तुम्ही म्हणाल, घरात खोल्या नाहीत का, न्हाणीघरात कशाला लोळायचं? खोल्या आहेत. पण पुढच्या खोलीला रस्त्यावर उघडणारी भिंतभर काच आहे आणि झोपायची खोली तिच्या बरोबर वर, तशीच रस्त्याकडे तोंड करून. आमच्या नोर्डरडाम गावात भर दिवसा पडदे ओढलेलं घर म्हणजे एकतर आत मयत झालेली असते, नाहीतर आत लपवण्यासारखं काहीतरी चाललेलं असतं. लोक थांबून बघतात. संध्याकाळपर्यंत चौकशीला कुणीतरी सूप घेऊन येतं. म्हणून ज्यांचं डोकं उठतं त्या आमच्याकडच्या बायका न्हाणीघर धरतात, नाहीतर जिन्याखालची अडगळ.

मी या गावची घंटावादक आहे. बाजारचौकातल्या चर्चच्या मनोऱ्यात वरपर्यंत घंटा टांगलेल्या आहेत आणि त्यांच्या तारा खाली एका लाकडी बाकापाशी येतात. त्या बाकावर बसून मुठी वळायच्या आणि समोरचे दांडके हाणायचे, खालचे मोठे पायांनी दाबायचे. दर शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, अकरा वाजता मी तासभर वाजवते. माझ्या आधी माझे बाबा वाजवायचे. या कामात एक मोठी गैरसोय आहे. गाणाऱ्याची चूक सभागृहापुरती राहते, माझी चूक कोबी निवडणाऱ्या बाईपासून न्हाव्याच्या खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांना ऐकू जाते. चुकल्यावर खाली उतरायलाही लाज वाटते, आणि जिना एकच आहे.

जूनमधल्या एका शुक्रवारी मी अशी चुकले की गाव अजून विसरलेलं नाही. पहाटेपासून उजव्या डोळ्याच्या मागे ठणकत होतं. मी गोळी घेतली नाही. आमच्यात कुणी उठसूट गोळी घेत नाही. आधी बघायचं, खरंच लागते का. दुखणं पुरतं सिद्ध झालं की मग घ्यायची. दहाच्या सुमाराला ते सिद्ध झालं, म्हणजे मला समोरच्या माणसाचा अर्धा चेहरा दिसेना. तेव्हा मी गोळी गिळली आणि मनोरा चढले.

अकराला वाजवायला बसले तर हात माझे राहिलेच नव्हते. ही गोळी घेतली की मला असं होतं, हात जड पडतात, छातीवर कुणी उशी दाबल्यासारखं वाटतं. त्यात प्रत्येक घंटा माझ्याच कवटीत वाजत होती. दुसऱ्या सुरावटीच्या मधोमध मी थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडले. शेवटी उठले आणि बाकाशेजारी खाली बसून राहिले.

खाली आले तर वुबो त्याच्या मासळीच्या गाडीवरून ओरडला, "काय फेनाबाई, आज घंटांना पाजली होती का?"

सगळा चौक हसला. वुबो वाईट माणूस नाही, पण त्याच्या जिभेला हाड नाही. आणि गंमत अशी की साडेबाराला माझं डोकं स्वच्छ झालं. इतकं स्वच्छ, की मी त्याच्याकडून कांदा घातलेला हेरिंग मासा घेऊन उभ्या उभ्या खाल्ला. गोळीने तिचं काम चोख केलं होतं, फक्त माझं काम बुडाल्यानंतर.

पुढच्याच आठवड्यात नगरपालिकेच्या अल्बर्डाबाई घरी आल्या, येताना सफरचंदाचा केक घेऊन. त्यांच्याकडे गावाचं संस्कृती खातं आहे. केक बघितल्यावरच मी ओळखलं की बातमी वाईट आहे.

"फेना, तुमच्यावर कुणाचा राग नाही हं," त्या म्हणाल्या. "पण गेल्या वर्षभरात किती शुक्रवार घंटा मुक्या राहिल्या! आता यंत्र मिळतं. एकदा बसवलं की आपोआप वाजतं. यंत्राला डोकंच नसतं, मग दुखणार काय?" आणि त्या स्वतःच्याच विनोदावर हसल्या.

"माझा करार डिसेंबरपर्यंत आहे," मी म्हणाले.

"आहेच की. ऑक्टोबरातल्या मोठ्या बाजाराला तुम्हीच वाजवा. मग बघू."

आमच्याकडे 'मग बघू' म्हणतात तेव्हा जवळपास बघून झालेलं असतं. त्या गेल्यावर मी तो केक मांजरालासुद्धा दिला नाही, सरळ कचऱ्यात टाकला. आणि त्याच क्षणी ठरवलं, की मोठ्या बाजाराला मी वाजवणार, तासभर वाजवणार, आणि या डोक्याला एकदा वठणीवर आणणार. बाबांचा बाक मी यंत्राला देणार नव्हते.

आई दोन गल्ल्या पलीकडे राहते, मनोऱ्याच्या अगदी पायथ्याशी. हार्मके तिचं नाव, पंचाहत्तरी उलटली तरी रोज सकाळी पुढची काच पुसते. मी तिला सांगितलं, मी डॉक्टरांकडे जाऊन भांडणार आहे.

तिने कॉफी ओतली, डबा उघडून मला एक बिस्कीट दिलं आणि डबा बंद केला. "कशाला? गोळी लागू पडत नाही का तुला?"

"लागू पडते. उशिरा पडते."

"मग पडते ना! मला तेवढीही नव्हती. व्हिनेगरची पट्टी बांधायची आणि कामाला लागायचं. तुझ्या बाबांना कधी कळलंसुद्धा नाही."

"कळायला हवं होतं की."

"कळून काय करणार होते? घंटा थांबवणार होते?" आई काचेतून बाहेर बघत म्हणाली. रस्त्यावरून कुणी गेलं, तिने मान हलवून अभिवादन केलं. "डॉक्टरला त्रास देऊ नकोस फेने. त्याच्याकडे खरे आजारी लोक असतात."

मला असा संताप आला! खरे आजारी लोक. चाळीस वर्षं मी हेच वाक्य ऐकत आले होते आणि स्वतःशी म्हणत आले होते. कॉफी तशीच ठेवून मी सायकल काढली.

डॉक्टर रेंकेमा तरुण आहेत. नम्र आहेत, आणि प्रत्येक माणसाला दहा मिनिटांच्या वर देत नाहीत. त्यांनी पडद्यावर माझी माहिती उघडली. "इथे तर लिहिलंय, समाधानी."

"खोटं आहे ते. मी खोटं बोलले."

त्यांनी मान वर केली. "दोन तासांत दुखणं जातं ना?"

"जातं."

"मग औषध काम करतंय, बाई. पुस्तकाप्रमाणे हे यशच आहे."

"पुस्तक घंटा वाजवतं का?" मी विचारलं. "दोन तास मी बादलीपाशी असते. मग दुखणं जातं आणि हात जड होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत येतं, विसरलेली छत्री न्यायला आल्यासारखं. आणि पुढचा झटका कधी येईल या धास्तीने मी कुणाच्या लग्नालाही हो म्हणत नाही. मला माझे हात हवेत डॉक्टर. अकरा वाजता हवेत. आणि हे औषध दगा देणार नाही असा भरवसा हवा. तेवढं मिळालं की मी समाधानी. त्याहून कमीत नाही."

ते घड्याळाकडे बघणार होते, पण बघितलं नाही. खुर्ची माझ्याकडे वळवली आणि इतक्या वर्षांत कुणीही न विचारलेली गोष्ट विचारली. "गोळी नक्की कधी घेता?"

"खात्री झाली की."

"कशाची खात्री?"

"की खरंच अर्धशिशी आहे. उगाच लाड नाहीत."

"आणि ती येणार हे आधी कळतं का? काही खूण?"

मला हसूच आलं. "कळतं की. खारट ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या खाव्याशा वाटतात. एरवी मी त्यांना शिवतही नाही. जांभया येतात. मान धरते. मग तासाभराने ठणका."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे तुम्हाला तासभर आधी कळतं, आणि तुम्ही घर पेटेपर्यंत वाट बघता!"

"तुम्हीच म्हणाला होतात, जपून घ्या."

"म्हणालो होतो," ते हळूच म्हणाले. "महिन्यात फार दिवस घेऊ नका, नाहीतर औषधानेच डोकं दुखायला लागतं, असं म्हणायचं होतं मला. उशिरा घ्या असं नव्हतं. नीट सांगायला हवं होतं." मग म्हणाले, "ठणका सुरू झाला, अजून सौम्य आहे, तेव्हाच घ्यायची. ओकारी होते म्हणून नाकात मारायचा फवारा देतो. गोळी पोटात विरघळायची वाट बघत बसायला नको."

मला वाटलं, झालं काम. कसलं काय. त्या फवाऱ्याची चव घशात उतरली ती एखाद्याने भांडी घासलेलं पाणी पाजल्यासारखी. दुखणं लवकर थांबलं, हे खरं. पण हात जडच, आणि दुसऱ्या सकाळी छत्री न्यायला पाहुणे हजर. पूर्वीची मी असते तर म्हणाले असते, चला, आधीपेक्षा बरं आहे, समाधानी. मी पुन्हा दवाखान्यात गेले.

"अजून नाही," मी म्हणाले.

डॉक्टर हसले. "मला वाटलंच होतं." त्यांनी औषध बदललं. त्याच जातीची पण दुसरी गोळी, जास्त वेळ टिकणारी, आणि सोबत ओकारीची वेगळी. जाताना म्हणाले, "याही वेळी नाही जमलं तर या. कंटाळू नका. मी कंटाळणार नाही." या वाक्याने मला जे बरं वाटलं, तसं कुठल्या गोळीने वाटलं नव्हतं.

सप्टेंबरात दोनदा वेळ आली. पहिल्यांदा ठणक्याची चाहूल लागताच गोळी घेतली आणि भीत भीत मनोऱ्यात गेले, गाव जेवायला बसलं होतं तेव्हा, आणि घंटांच्या तारा न जोडलेल्या सरावाच्या बाकावर बसले. हात माझेच होते. जरा झोप येत होती, पण माझेच होते. मी एकटीच त्या लाकडी दांडक्यांवर मुठी आपटत हसत सुटले. दुसऱ्या सकाळी छत्री न्यायला कुणी आलं नाही, आणि दुसऱ्या वेळीही तसंच झालं.

मोठ्या बाजाराच्या दिवशी सकाळी मी दूध आणायला गेले आणि ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्यांचं पाकीट घेऊन परतले. ते हातात कधी आलं मला कळलंही नाही. स्वयंपाकघरात पाकीट टेबलावर ठेवलं आणि मग माझं लक्ष गेलं. आज. नेमकं आज. जांभई आली, मग दुसरी. थोड्या वेळाने उजव्या डोळ्यामागे बारीकशी टिचकी.

आई आलीच होती, मला मनोऱ्यापर्यंत सोबत म्हणून, चांगला कोट घालून. तिने पाकीट बघितलं, मग माझ्याकडे. तिलाही ती खूण ठाऊक असल्यासारखं तिने बघितलं.

"गोळी लागणार आहे का?" ती म्हणाली.

"लागणार आहे."

"अजून फार दुखत नाहीये ना? थांब जरा. कदाचित जाईल. आजच्या दिवशी उगाच औषध..."

खरं सांगते, माझा हात थांबला. चाळीस वर्षांची सवय हातातच बसलेली असते. मग मला अल्बर्डाबाईंचा केक आठवला आणि मी औषधाच्या दोन्ही गोळ्या पाण्याबरोबर गिळल्या.

"आणि आता मी पडणार आहे अर्धा तास," मी म्हणाले. "पुढच्या खोलीत. सोफ्यावर."

"न्हाणीघरात पड."

"फरशीवर पाठ धरते. सोफ्यावर." मी काचेपाशी गेले. पडदे बाबा गेले त्या आठवड्यानंतर ओढलेच नव्हते, कड्या अडकल्या होत्या. मी ओढायला लागले.

"फेने! बाजाराचा दिवस आहे! सगळा गाव जातोय इथून!"

"जाऊ दे."

कड्या करकरल्या आणि अंधार झाला. खरा, मऊ अंधार, सोफ्यासकट. बाहेर कुणाची तरी पावलं थांबली, कुजबुज झाली. मी डोळे मिटले. आई अंधारात खुर्चीवर बसून होती, हात मांडीवर ठेवून. मग ती म्हणाली, "किती शांत वाटतं, नाही?" टिचकी तिथेच होती, पण वाढत नव्हती.

दाराची घंटा वाजली. वुबो, हातात झाकलेला वाडगा. "पडदे दिसले... फेनाबाई, कुणी गेलं का?"

"कुणी गेलं नाही. माझं डोकं दुखत होतं. अकराला खाली उभा राहून ऐक."

वाडगा ठेवून वुबो गेला.

मनोरा चढताना मी एकटी होते. आई म्हणाली, मी घरीच जाते, घरून ऐकू येतं. मला वाटलं, पडद्यांवरून रुसली. वर बाकावर बसले, मुठी वळल्या. उजवा डोळा अजून जरा चुरचुरत होता. पहिली घंटा वाजली आणि मी वाट बघितली, कवटीत येतेय का. नाही आली. ती बाहेर गेली, चौकावर, छपरांवर, जिथे जायला हवी तिथे. मग मी थांबले नाही. बाबांची आवडती सुरावट जरा घाईत वाजली आणि एका जागी डावी मूठ चुकीच्या दांडक्यावर पडली. पडू दे. तासभर वाजवलं. शेवटच्या घंटेनंतर चौकातून टाळ्या वर आल्या तेव्हा मी डोकं बाकावर टेकून रडले, दुखत नव्हतं म्हणून रडले.

खाली अल्बर्डाबाई वुबोच्या गाडीपाशी हेरिंग शेपटीला धरून खात होत्या. "फेना," त्या तोंड पुसत म्हणाल्या, "सोमवारी या. पुढच्या वर्षाच्या तारखा ठरवू."

"आणि यंत्र?"

"यंत्राला इतक्या टाळ्या पडणार आहेत का!"

मी आईकडे धावले. तिला सांगायचं होतं. गल्लीत वळले आणि थांबले. आईच्या पुढच्या खोलीचे पडदे ओढलेले होते. भर दुपारी. रस्त्यावर दोन बायका थांबल्या होत्या आणि त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्यावरून त्यांनाही तेच वाटलं होतं जे मला वाटलं. मी दार ढकललं.

आत अंधार. व्हिनेगरचा वास. आई सोफ्यावर चांगल्या कोटासकट आडवी, कपाळावर पट्टी.

"दार लाव," ती पुटपुटली. "उजेड येतो."

मी गुडघे टेकून तिच्याजवळ बसले. सकाळी ते पाकीट बघून तिने माझ्याकडे तसं का बघितलं, ते आता कळलं. "आई, तुलाही आजच? बोलली का नाहीस?"

"तू वाजवणार होतीस." तिने डोळे उघडले नाहीत. "मधली सुरावट घाईत घेतलीस. तुझे बाबाही तिथेच घाई करायचे."

"तू ऐकलंस? या डोक्याने? मनोरा डोक्यावर आहे इथे!"

"दर शुक्रवारी ऐकलंय. तुझे बाबा वाजवायचे तेव्हाही. काचेपाशी बसून, लोकांना मान हलवत. पडदे उघडे असायचे ना."

मी तिचा हात धरून बसले. तो थंड होता आणि घट्ट. माझ्या पर्समध्ये गोळ्या होत्या, पण तिच्या वयाला त्या चालतील की नाही हे मला ठाऊक नव्हतं, आणि आईला ठाऊक असायचं कारणच नव्हतं, तिने कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

बाहेर दाराशी कुणीतरी हळूच टकटक केली, बहुतेक सूप घेऊन आलेलं कुणी. आईने माझा हात दाबला.

"त्यांना सांग, मेली नाहीये. आणि सोमवारी तुझ्या त्या डॉक्टरला फोन कर," ती म्हणाली. "सांग, हार्मके येतेय. समाधानी नाही म्हणावं."